एल्मबेंडची साठ बाळंतपणं

एल्मबेंड, इलिनॉय
१२ मार्च २०२५

वन्सं,

वाकून नमस्कार. पाठ धरली आहे, तरीही वाकून.

तुमची अट पाळते आहे. "व्हॉट्सॲपवर तू मला नुसता अंगठा दाखवतेस. काही विचारायचं असेल तर कागदावर विचार," असं तुम्ही संक्रांतीला बजावलं होतंत. म्हणून गुरुनाथला पोस्टाची तिकिटं आणायला पाठवलं. तुमचा भाऊ तिकिटांबरोबर भेंडीचं बी घेऊन आला. शॉमबर्गच्या नोकरीतून तो रिटायर झाला आणि आम्ही या गावात आलो, तेव्हापासून मोकळी जमीन दिसली की त्याचे हात शिवशिवतात.

आता विचारायचं ते. काल आमच्या हॉस्पिटलच्या बोर्डाने मला बोलावलं आणि साधी कॉफीही न विचारता सांगितलं की बाळंतपणाचा विभाग चालवणं जमत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे वर्षभरात एकसष्ट बाळंतपणं झाली. या वर्षी तीस सप्टेंबरपर्यंत साठ झाली नाहीत तर विभाग बंद. मग इथल्या बायकांनी पासष्ट मैलांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. जानेवारीत बर्फ साचला की त्या रस्त्याला दोन-अडीच तास लागतात. गेल्या हिवाळ्यात एक मुलगी अर्ध्या वाटेतून गाडी वळवून आमच्याकडे आली आणि दहा मिनिटांत मोकळी झाली. ती वळली नसती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचा पसारा केवढासा! तीन खोल्या, सहा नर्सेस, सत्तरीचे डॉक्टर हॉलंड आणि मी. मी मिडवाइफ होते तोवर सुखात होते. दोन वर्षांपूर्वी विभागप्रमुख केलं आणि तेव्हापासून बाळं कमी, मीटिंगा जास्त.

बायका त्या मोठ्या हॉस्पिटलात जातात याचं नवल नाही म्हणा. लॉबीत दोन मजली कारंजं, त्याच्या तळाशी करड्या गोट्यांची नक्षी, प्रत्येक खोलीत नवऱ्यासाठी पाय लांब करता येणारा निळा सोफा, आणि बटण दाबलं की पडदे आपोआप सरकतात. आमच्याकडे पडदा ओढला की दांडीसकट खाली येतो.

तुम्ही फलटणला चौतीस वर्षं दहा खाटांचं प्रसूतिगृह चालवलंत. बायका तुमच्याकडेच का यायच्या, हे मला नीट सांगा. आजपर्यंत आमच्याकडे अकरा झाली आहेत.

उल्का

*

पार्सिपनी, न्यू जर्सी
२० मार्च २०२५

उल्का,

आशीर्वाद. रागावणं खाली येईल.

बायका कारंजं बघायला जात नाहीत. कळा सुरू झाल्यावर कोणालाही कारंजं दिसत नाही. तू मला एकच सांग, तुमच्या दाराशी गाडी थांबली की त्या बाईशी पहिलं कोण बोलतं? मी पैजेवर सांगते, कोणी बोलत नसेल. तिच्या हातात काहीतरी भरायला देत असाल.

फलटणला फाटकावर आमची द्वारकाबाई असायची. रिक्षा थांबली की ही पुढे. आधी बाईच्या हातातली पिशवी काढून घ्यायची आणि म्हणायची, "आलीस ना माझे बाई? मग आता झालंच." काय झालंच? अजून अठरा तास जायचे असायचे. पण त्या बाईचे खांदे तिथेच खाली यायचे. मी एम. डी., द्वारकाबाईला सहीपुरतं येत होतं, आणि माझी निम्मी प्रॅक्टिस तिची होती.

दुसरं खाणं. इथे आश्लेषाला केया झाली तेव्हा मी होते. चौदा तास कळा देऊन माझी सून मोकळी झाली आणि नर्सने तिच्यापुढे गार सँडविच आणि पेलाभर बर्फ ठेवला. बर्फ! मी म्हटलं, "शी इज बाळंतीण!" ती म्हणाली, "आय नो, दॅट्स व्हाय एक्स्ट्रा आइस." सुशांतने मला बाहेर नेऊन बसवलं. तुमच्याकडे त्यांना मऊ भात दे. वर तूप, मेतकूट. एकदा खाऊन बघू देत.

आणि तिसरं, बाळंतपण झालं की गोड वाटायचं. विभागात नाही, पुढच्या दारात. रक्त तपासायला आलेला माणूससुद्धा पेढा तोंडात टाकून विचारतो, आज कोणाचं? आणि घरी जाऊन सांगतो. तुम्ही तिथे बाळं जन्माला घालता हे गावाला कळायला नको का?

वय झालं म्हणून मी प्रसूतिगृह बंद केलं, नाहीतर अजूनही चालवत असते आणि तुला पत्रं लिहायला वेळ नसता. पाठीला शेक दे.

रेखा

*

एल्मबेंड
१८ एप्रिल २०२५

वन्सं,

पैज जिंकलात. आमच्या दाराशी बाईच्या हातात टॅब्लेट देत होतो. त्यावर सत्तावीस प्रश्न, आणि तिसरा प्रश्न असा, की ही भेट अपघातामुळे आहे का?

टॅब्लेट आता खोलीत नवऱ्याच्या हातात जातो. त्यालाही तेवढाच उद्योग. दाराशी ब्रेंडा उभी राहते. ब्रेंडा माझी मुख्य नर्स. सहा फूट उंच, घरी चाळीस गाई. मी तिला द्वारकाबाईचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "उल्का, आय ॲम नॉट अ पोर्टर." दुसऱ्याच दिवशी एक मुलगी कमरेत वाकून आत आली. ब्रेंडाने तिच्या हातातली बॅग घेतली, दुसऱ्या हाताने तिला धरलं आणि म्हणाली, "यू मेड इट, हनी. वी गॉट यू." तिथेच ती मुलगी रडली आणि मग हसली. ब्रेंडा तेव्हापासून दार सोडत नाही.

भाताची गंमत ऐका. आमचं स्वयंपाकघर संध्याकाळी सातला बंद होतं, म्हणून विभागात राइस कुकर ठेवला. मेतकुटासाठी आहारतज्ज्ञ बाईंनी घटकांची यादी मागितली. मी चौदा ओळी लिहून दिल्या. त्या म्हणाल्या, "इज इट अ मेडिसिन?" मी म्हटलं नाही. "देन व्हाय डज इट हॅव फोर्टीन थिंग्ज?" शेवटी प्रयोगशाळेतून शिक्का आला. आता ब्रेंडा ड्यूटीवर दोन वाट्या भात खाते, आणि मागच्या आठवड्यात घरी गेलेल्या बाळंतिणीने नवऱ्याला रिकामी बरणी देऊन 'यलो पावडर' आणायला परत पाठवलं.

घरी केलेलं गोड इथे वाटता येत नाही. म्हणून दर रविवारी गुरुनाथ हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जाऊन दूध आटवतो. डोक्याला जाळी, आणि मिशा आहेत म्हणून तोंडालाही जाळी. फोटो पाठवते आहे, देवापुढे ठेवू नका. आपल्या रीतीप्रमाणे मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी ठेवतो. गावाला त्याचं वेड लागलं आहे. ट्रॅक्टरवाले आजोबा ब्लड प्रेशर तपासायच्या निमित्ताने येतात आणि काउंटरवर डोकावून विचारतात, "राउंड ऑर स्क्वेअर टुडे?"

एकोणीस झाली. तीन बायकांनी मोठ्या हॉस्पिटलातलं नाव काढून आमच्याकडे घातलं.

उल्का

*

पार्सिपनी
२५ एप्रिल २०२५

उल्का,

फोटो देवापुढे ठेवला नाही, फ्रिजवर लावला आहे. माझा भाऊ एवढा देखणा कधीच दिसला नव्हता.

पण बर्फी? बर्फी कोणी सांगितली तुला? मी पत्रात पेढा लिहिला होता. परत काढून वाच.

मुलगा झाला की बाप दोन किलो पेढे घेऊन धावत यायचा. मुलगी झाली की सासू पदर सावरत म्हणायची, "बर्फी आणू की. पाव किलो पुरे." कधी तेवढंही नाही. बाळंतीण आत पडल्या पडल्या ऐकायची की बाहेर काय वाटलं जातंय. चार वर्षं मी बघितलं आणि मग दारावर पाटी लावली: इथे फक्त पेढे वाटले जातील. मुलगी झाली की द्वारकाबाई माझे पेढे घेऊन बापासमोर वाटायची. एकाने डबा भिरकावला. मी डबा उचलून त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं, आता तू वाट. त्याने वाटले. लाल तोंडाने, पण वाटले.

हे मी तुला आधी लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुला हे सांगायची गरज नाही. तिथल्या लोकांना गोल काय नि चौकोनी काय, ते हसत खातात. पण आपल्याला माहीत आहे ना? आजपासून बंद कर.

रेखा

*

एल्मबेंड
२९ एप्रिल २०२५

वन्सं,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण मी मोठा घोळ घालून ठेवला आहे.

शुक्रवारी सकाळी केटलिन नावाची शाळामास्तरीण आमच्याकडे मोकळी झाली. मुलगा की मुलगी हे तिने नऊ महिने कोणालाही, अगदी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. तिची आई डोरीन केंटकीहून एकटी गाडी चालवत येत होती, आणि आईने दारातून आत येऊन बाळाला स्वतः बघायचं, त्याआधी कोणी एक शब्द बोलायचा नाही, असं दोघींचं ठरलं होतं. आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली. ब्रेंडाने तर स्वतःच्या नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आणि मी नऊ वाजता सवयीने काउंटरवर बर्फीचा ट्रे ठेवला.

ट्रॅक्टरवाले आजोबा आले, त्यांनी चौकोन बघितला, कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर जाऊन सांगितलं. आठ तास गाडी चालवून डोरीनबाई नेमक्या त्याच पंपावर थांबल्या. हॉस्पिटलचा रस्ता विचारला, तर आतला माणूस आनंदाने म्हणाला, "ओह, यू आर द ग्रँडमा! कॉन्ग्रॅच्युलेशन्स, इट्स अ गर्ल!" त्या आत आल्या तेव्हा डोळे लाल होते. केटलिन आईच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला कळलं. मी त्या खोलीत होते. मला जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं.

जावयाने रीतसर तक्रार केली आहे. रुग्णाची माहिती बाहेर गेली, हा इथे साधा गुन्हा नाही. वीस मेला चौकशी. बोर्डाचे अध्यक्ष म्हणाले, "आता आकड्याची वाटच बघायला नको, नाही का?" वकिलांनी मला त्या कुटुंबाशी बोलू नका असं बजावलं आहे. गुरुनाथने रविवारी काहीच केलं नाही, नुसता जाळी घालून बसला होता.

वन्सं, मला वाटतं मी हे सोडून द्यावं. विभाग कोणा चांगल्या माणसाच्या हातात द्यावा.

उल्का

*

पार्सिपनी
५ मे २०२५

उल्का,

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. माझं रागावणं तुला उशिरा पोचलं असेल. ते आता सोड.

आधी तुझी चोरी. त्या मोठ्या हॉस्पिटलाने तुला नोकरी देऊ केली आहे ना? कारंज्याच्या तळाशी करड्या गोट्या आहेत, सोफा निळा आहे आणि पडदे बटणाने सरकतात, हे तू मला मार्चमध्ये लिहिलंस. दुसऱ्याच्या हॉस्पिटलातले सोफे मुलाखतीला गेलेला माणूसच निरखतो. जायचं असेल तर जरूर जा, पण बर्फीमुळे चालले असं म्हणू नकोस.

आता माझी चोरी. मी प्रसूतिगृह वय झालं म्हणून बंद केलं नाही. सुशांतलाही हे माहीत नाही.

गावात नवं हॉस्पिटल आलं. काचेचं, लिफ्टचं. मीही ईर्षेने काचेची केबिन केली, एसी लावला, पुढे कॉम्प्युटरवर पोरगी बसवली. द्वारकाबाई म्हातारी झाली होती, तिला घरी बसवलं आणि फाटकावर दुसरं कोणी उभं केलं नाही. बायका कमी झाल्या. मला राग यायचा. ज्यांना मी हातात घेतलं, त्या आता तिकडे जातात?

एक दिवस अनया आली. तिचा जन्म माझ्या हातावरचा, पायाळू, अवघड बाळंतपण होतं. आता तिला सातवा महिना. ती बाकावर बसली. कॉम्प्युटरवरच्या पोरीने तिला नंबर दिला आणि जेवायला गेली. मला काचेतून दिसत होतं. मला हेही ठाऊक होतं की पहिले सहा महिने ती नव्या हॉस्पिटलात जात होती. मी म्हटलं, येऊ दे की आत, स्वतःहून दार लोटू दे. ती चाळीस मिनिटं बसली. एकदा माझ्या केबिनकडे बघून हसलीसुद्धा. मी फाइलमध्ये मान घातली. मग ती उठून गेली.

मला बारा पावलं चालायची होती, उल्का. ती मी चालले नाही. त्यानंतर आठ महिने मी दहा खाटांवर रोज धुतलेल्या चादरी घालून घेत होते आणि कोणी येत नव्हतं. मग बंद केलं आणि सगळ्यांना वय सांगितलं. चौतीस वर्षांचं काम मी नाकावरच्या रागापायी घालवलं. हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते आहे.

म्हणून सांगते. वकील काहीही म्हणोत, डोरीनकडे जा. पायी जा. माफी माग आणि कारण सांगू नकोस. आमची पद्धत, आमचा देश, आमचे पेढे, काही नाही. तिने विचारलं तरच सांग.

रेखा

*

एल्मबेंड
२४ मे २०२५

वन्सं,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गुरुनाथला वाचू दिलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही हे तुम्हाला माहीत आहे. अनयाबद्दल काय लिहावं मला सुचत नाही. तुम्ही मला सांगितलंत, यासाठी मात्र नमस्कार, आणि हा पाठ बरी झाल्यावरचा.

नोकरीचं खरं आहे. जूनपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तुमच्यापासून लपवलं कारण तुम्ही हो म्हणाल अशी भीती होती. नाही म्हणाल अशीही होती.

डोरीनबाई लेकीकडेच राहिल्या होत्या. मी पायी गेले. त्यांनी दार उघडलं आणि तसंच उघडं धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "तुमचा क्षण माझ्यामुळे गेला. तो मला परत देता येत नाही. मला माफ करा." मग त्या म्हणाल्या, "एक मात्र सांग. दोन वेगळे का ठेवता?"

त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं. बर्फीचं, पाव किलोचं, तुमच्या पाटीचं, डबा भिरकावणाऱ्या बापाचं. आणि हेही, की तुम्ही तीस वर्षं जे मोडलं तेच मी इथे रीत म्हणून सुरू केलं. त्यांनी मला आत घेतलं. म्हणाल्या, "मी चौथी मुलगी. डॅडी दोन दिवस हॉस्पिटलात आलेच नाहीत. गवत कापायचं होतं म्हणे." मग हात पुढे करून म्हणाल्या, "माझ्या नातीला गोल हवा." माझ्या पर्समध्ये डबी होती. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ला आणि दोघीही रडलो.

चौकशीला त्या आल्या. तक्रार मागे घेतली नाही, जावयाचं म्हणणं बरोबरच होतं असं म्हणाल्या. पण विभाग बंद करण्याविरुद्ध इतक्या बोलल्या की अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मला लेखी ताकीद मिळाली. नवा नियम झाला: फक्त पेढे, तेही आईने सही केल्यावर, आणि डबा घरच्यांनीच बाहेर न्यायचा. परवा एका सहा फुटी बापाने पहिल्या मुलीचा डबा पार्किंग लॉटमध्ये गाड्यांच्या काचा ठोठावून वाटला.

मोठ्या हॉस्पिटलाला मी नकार कळवला. डोरीनबाईंना भेटून परत येताना वाटेतच फोन केला. बत्तीस झाली.

उल्का

*

पार्सिपनी
३ ऑगस्ट २०२५

उल्का,

चव्वेचाळीस! गुरुनाथने फोनवर आकडा सांगितला आणि लगेच भेंडीवर गेला. मी इथे कॅलेंडरवर खुणा करते आहे. केया विचारते, "आजी, इज इट लाइक अ क्रिकेट स्कोअर?" मी म्हटलं, त्याहून वाईट, यात बॉल कधी येईल ते कोणालाच माहीत नसतं.

परवा देवळात आश्लेषाच्या दोन मैत्रिणींना मी तुझ्याकडे बाळंतपणाला जा म्हणून आग्रह केला. आश्लेषाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की आई, मध्ये तीन राज्यं आहेत.

तीस सप्टेंबरला मात्र फोन कर. त्या दिवसापुरती कागदाची अट माफ.

रेखा

*

एल्मबेंड
८ ऑक्टोबर २०२५

वन्सं,

फोनवर जे सांगायचं धाडस झालं नाही, ते आता लिहिते.

तीस तारखेला दुपारपर्यंत एकोणसाठ झाली होती. दोन वाजता टेस आली. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, त्याच पंपावर कामाला. आई नाही, नवरा नाही. ब्रेंडाने बॅग घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. विभागात जो तो घड्याळाकडे बघत होता. टेसच्या कळा येत होत्या, पण सावकाश.

संध्याकाळी सातला मी तुम्हाला फोन केला. तुम्ही सगळं विचारलंत, बाळाचे ठोके, पाणी, किती उघडली. मग म्हणालात, "सलाइनमधून औषध सुरू कर. अकरापर्यंत मोकळी होईल. मी शंभरदा केलंय, काही होत नाही." मी म्हटलं, "हो वन्सं."

आणि मी ते केलं नाही.

मी औषध हातात घेतलं होतं. डॉक्टर हॉलंडही म्हणाले, "युअर कॉल, उल्का. नोबडी विल ब्लेम यू." मी टेसच्या खोलीत गेले. ती खिडकीशी उभी राहून कळ सोसत होती, आणि कळ गेल्यावर मला म्हणाली, "ॲम आय टेकिंग टू लाँग?" वन्सं, तिला कोणीतरी काहीतरी जाणवू दिलं होतं. मीच असेन. बाळाचे ठोके छान होते, ती छान होती, सगळं जसं व्हायला हवं तसं होत होतं. उशीर फक्त आम्हाला झाला होता. मी म्हटलं, "नो, स्वीटी. यू आर राइट ऑन टाइम." ब्रेंडाने भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं. आम्ही तिला भात भरवला, चालवलं, पाठ चोळली. एक ऑक्टोबरच्या सकाळी सव्वासहाला मुलगी झाली. पेढे न्यायला घरचं कोणी नव्हतं, तर टेस स्वतः बाळ ब्रेंडाकडे देऊन डबा घेऊन काउंटरवर आली.

म्हणजे एकोणसाठच. मी टेबलाचे खण रिकामे केले.

काल बोर्ड बसलं. अध्यक्षांनी आकडा वाचला. मग कागद उलटून म्हणाले, "तीसला दुपारी दोन वाजता एक पेशंट दाखल दिसते आहे. तिला लवकर मोकळी करता आली असती?" मी म्हटलं, बहुतेक हो. "मग?" मी म्हटलं, "तारखेची घाई आमची होती. तिची नव्हती."

बोर्डावर एक म्हाताऱ्या शेतकरीणबाई आहेत. दोनदा त्यांनी विभाग बंद करण्याच्या बाजूने मत दिलं होतं. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "माझ्या नातीला डिसेंबरमध्ये होणार आहे. आपला आकडा चुकू देईल पण तिला घाई करणार नाही, अशा ठिकाणी मला तिला पाठवायचं आहे. त्यासाठी पासष्ट मैल का जाऊ?"

चार विरुद्ध तीन. दोन वर्षं विभाग सुरू राहणार. पुढच्या वर्षीचा आकडा ऐंशी दिला आहे, पण तारखेचा काटा काढून टाकला. गुरुनाथ बाहेर गाडीत बसला होता. मी सांगितलं तर लहान मुलासारखा रडला आणि मग म्हणाला, "ऐंशी? मला मोठं पातेलं लागेल."

तुमचं ऐकलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. रागावला असाल तर पत्रानेच रागवा.

उल्का

*

पार्सिपनी
१४ ऑक्टोबर २०२५

उल्का,

रागावले आहे, पण स्वतःवर.

तू "हो वन्सं" म्हणालीस त्या स्वरावरूनच मला कळलं की तू करणार नाहीस. फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. मग बरं का वाटलं, म्हणून भीती वाटली. चौतीस वर्षांत शंभरदा औषध सोडलं ते गरज होती म्हणून, तारखेसाठी एकदाही नाही. तुला मात्र मी तारखेसाठी सोड म्हटलं. पुन्हा फोन करून "नको करूस" एवढंच सांगायचं होतं. फोन हातात होता, पण केला नाही. माणूस पंचाहत्तरीतही तिथेच अडखळतो.

खरं सांगू? मला तुझ्या विभागाची काळजी नव्हती. माझं प्रसूतिगृह दुसऱ्यांदा बंद पडतंय असं मला वाटत होतं, आणि या खेपेला ते काही करून वाचवायचं होतं. मार्चपासून मी ते इथे बसून चालवत होते. दार माझं, भात माझा, पेढे माझे. तू माझ्या जागी उभी होतीस इतकंच.

टेसच्या खोलीत तू गेलीस तेव्हा मी तिथे नव्हते. तिथे जे केलंस ते तुझं तू केलंस, आणि मी केलं असतं त्याहून चांगलं केलंस. वाचून मी खूप रडले. आश्लेषा घाबरली, तिला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, नाही गं, आमच्याकडे बाळंतपण नीट झालं.

तेव्हा आता ते प्रसूतिगृह तुझं. कागदाची अट तशीच आहे, फक्त एक बदल. यापुढे मला काही विचारत जाऊ नकोस, नुसतं कळवत जा.

रेखा